मागे माणूस पाहिजे

मुकादमाने माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘मागे माणूस उभा असल्याशिवाय गाडी मागे घेऊ नये.’

“तुझ्या मागे आहे का कुणी माणूस?” त्याने विचारलं.

यार्डातले ड्रायव्हर फिदीफिदी हसले. हसा, म्हटलं. दात मोजून ठेवते सगळ्यांचे.

या यार्डात ट्रेलर चालवायला नवी भरती चालू होती आणि आज चाचणीचा शेवटचा दिवस. रस्ता, चढ, वळण, सगळं मी सकाळीच करून दाखवलं होतं. उरलं होतं एकच : तो लांबलचक ट्रेलर मागे घेत घेत दोन उभ्या गाड्यांच्या मधून माल उतरवायच्या धक्क्याला लावायचा. आरशात मागचं अर्धंमुर्धंच दिसतं, म्हणून कुणीतरी मागे उभं राहून ओरडायचं, “येऊ दे, येऊ दे, बास!” सकाळपासून प्रत्येक पोरासाठी कोणी ना कोणी उभं राहिलं होतं. माझी पाळी आली आणि सगळ्यांना एकदम कामं आठवली. एकाचा टायर, एकाचा फोन, एकाचं पोट.

“मला बाजूला उभं राहून चाचणी बघायची असते,” मुकादम म्हणाला. “तू माणूस आण, चावी ने. नाहीतर फाटक बंद झालं की भरती बंद.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चावी त्याच्या खिशात होती, त्यामुळे मी नुसतीच फणफणत उभी राहिले.

आमच्या बाबांनी जन्मभर ट्रक चालवला. पाठीने दगा दिला आणि ते खाटेला खिळले, पण त्याआधी गावाबाहेरच्या बंद खाणीत नेऊन त्यांनी मला गाडी शिकवली होती. आईला ते कळलं तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. माझी मामेबहीण विमान उडवते. तिचा टोपीतला फोटो आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. मी म्हटलं, “ती चालवते ते वाहन, आणि मी चालवते ते काय, घमेलं?”

“विमानाला डोकं लागतं,” आई म्हणाली.

“आणि विमान मागे घ्यायचं तर ढकलायला दुसरी गाडी बोलवावी लागते,” बाबा खाटेवरून म्हणाले. त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

आईने माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडे, पंख्याखाली बसून फोन घ्यायचे. मी मेले असते तिथे, खरंच सांगते.

आणि मी अशी फणफणत उभी असताना नेमकी आईच यार्डाच्या फाटकातून आत आली. मी कुठे आहे ते घरी बाबांच्या तोंडून काढून घेतलं असणार. चेहरा असा, की फाटकावरचा पहारेकरी आपणहून बाजूला झाला.

“चल घरी,” तिने माझा दंड धरला. “डॉक्टर वाट बघतायत.”

“बरं झालं आलात, ताई,” मुकादम म्हणाला. “घेऊन जा पोरीला. तसंही तिच्या मागे माणूस नाही.”

आईचा हात सैल झाला. “माणूस नाही म्हणजे?”

त्याने पाटी दाखवली. आईने ती मोठ्याने वाचली, पोराची चूक वाचावी तशी. मग सगळ्या ड्रायव्हरांवरून नजर फिरवली.

“हे एवढे उभे आहेत ते कोण?”

“त्यांना कामं आहेत.”

“असू देत. मी उभी राहते.”

“ताई, पाटीवर ‘उभा’ लिहिलंय,” मागून एक जण म्हणाला. “‘उभी’ नाही.” पुन्हा हशा.

“मग मी कोण रे? म्हैस?” आई त्याच्याकडे वळली. “हिच्या बापाचा ट्रक आमच्या गल्लीत मी लावून घ्यायची. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. त्या भिंतीचा रंग कधी खरवडला नाही. तुझी गाडी कुठे ठोकलीयेस ते सांग, मग व्याकरण शिकव मला.”

त्याच्या गाडीचा मागचा दिवा फुटका होता. सगळ्यांनी तिकडेच बघितलं. आई मुकादमासमोर तळहात पसरून उभी राहिली आणि त्याने निमूटपणे चावी ठेवली.

मी वर चढले. आरशात आई दिसत होती, पाय रोवून, एक हात वर.

“येऊ दे! येऊ दे!”

लहानपणी हा आवाज ऐकला की मी अंथरुणातून उठून धावत सुटायचे, कारण त्याचा अर्थ एकच होता : बाबा घरी आले. किती वर्षांत ऐकला नव्हता.

ट्रेलरचं सगळं उलट असतं. त्याची शेपटी डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवायचं. मला जन्मभर उलट्या डोक्याची म्हणतात, पण तरी मी चाक जरा जास्तच फिरवलं आणि शेपटी शेजारच्या गाडीकडे निघाली.

“थांब! पुढे घे!” आई कडाडली. “आग लागलीये का कुठे? सावकाश!”

पुढे घेतलं. सरळ केलं. पुन्हा मागे. “येऊ दे... येऊ दे... अजून... बास!”

धक्क्याचं रबर नुसतं दबलं. खाली कुणी हसत नव्हतं.

मुकादमाने वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. “जमलंय,” तो म्हणाला, आणि मान खाजवली. “उद्यापासून ये. पण रोज काय आईला आणणार?”

“उद्या तुमच्यातला कोण उभा राहतो ते मी बघणार आहे,” मी म्हटलं. “आणि कोणी नाही राहिलं तर हिला आणणार. मग बसा ऐकत.”

त्याने आईकडे पाहिलं आणि भरतीच्या वहीत माझं नाव लिहून टाकलं.

फाटकाबाहेर आई झपाझप पुढे चालत होती. “मी हो म्हटलेलं नाही, सांगून ठेवते,” ती न वळता म्हणाली. “नुसतं ‘येऊ दे’ म्हटलं.”

“हो गं.”

“आणि लांबच्या फेरीवरून येशील तेव्हा आधी फोन कर. गल्लीत गाडी कोण लावून घेणार, तुझा बाप?”

“आई, ट्रेलर आपल्या गल्लीत मावत नाही.”

“मावेल,” आई म्हणाली. “मी आहे ना मागे.”