पैजेवर लागलेला थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. हिरव्या पत्र्याचा, अंगावर पिवळी फुलं, डोक्यावर प्लास्टिकचा कप, आत चकचकीत काच. वय एकतीस. आमच्यात एकतीस म्हणजे आजोबाच की. आणि मित्रांनो, या आजोबावर एके दिवशी पैज लागली.

लंडनमधल्या इल्फर्डच्या एका गल्लीत मागच्या बागांच्या मधे लाकडी कुंपण होतं. कुंपणाच्या अलीकडे आशाकाकू आणि उदयकाका, पलीकडे श्रीनिवास आणि अक्षया. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. काकूंनी कुंपणावरून चकल्यांचा डबा दिला. श्रीनिवासनं तो घेतला, पण चकली खाण्याआधी उलटीपालटी करून बघितली. त्याचं बरोबर होतं. गणपतीत काकूंनी त्याला आत हिरवी मिरची भरलेला मोदक खाऊ घातला होता आणि तो पाणी पाणी करत नाचला तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

मी काकूंच्या खांद्याला लटकलो होतो. त्या लायब्ररीत कामाला निघाल्या होत्या.

"काकू, हे धूड अजून चालतं?" श्रीनिवास म्हणाला. "म्युझियमला द्या की." आणि आत जाऊन तो आपला नवाकोरा स्टीलचा थर्मास घेऊन आला. सडपातळ, काळा, दिसायला बंदुकीच्या गोळीसारखा. "चोवीस तास गरम. बॉक्सवर लिहिलंय."

"बॉक्सवर तर तुझ्या शर्टाचा रंगही जात नाही असं लिहिलं असेल," काकू म्हणाल्या.

"लावता पैज?"

पैज हा शब्द काकूंपुढे काढायचा नसतो. उदयकाका स्वयंपाकघरातून ओरडले, "श्रीनिवास, माघार घे बाबा." पण तोवर उशीर झाला होता.

शनिवारी चौघं मिळून डंजनेसला जाणार होते. केंट परगण्याच्या टोकाला समुद्रात घुसलेलं गोट्यांचं माळरान आहे ते. झाड नाही, कुंपण नाही. लोक त्याला इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. अक्षयाला ते बघायचं होतं. श्रीनिवासचं म्हणणं, ज्या देशात छत्री वाळत नाही तिथं कसलं वाळवंट.

पैज अशी ठरली. दोन्ही थर्मास सकाळी आठला भरायचे. आकाशात तारे दिसेपर्यंत बूच काढायचं नाही, आधी उघडला तो हरला. मग अक्षयानं दोन्ही चहा चाखायचे. जो चहा बशीत ओतल्याशिवाय पिता येणार नाही तो खरा गरम. हरणाऱ्यानं पुढच्या शनिवारी इल्फर्ड स्टेशनबाहेर उभं राहून, आपण हरलो असं ओरडत, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चहा पाजायचा. आणि थर्मास जिंकणाऱ्याला देऊन टाकायचा.

"देऊन टाकायचा म्हणजे?" उदयकाकांनी विचारलं. ते आता दारात आले होते.

"म्हणजे देऊन टाकायचा," काकू म्हणाल्या. पण पट्ट्यावरची त्यांची मूठ जराशी आवळली. ते मला कळलं, श्रीनिवासला नाही.

का आवळली ते सांगतो. मी पुण्याच्या बोहरी आळीत एका दुकानात फळीवर उभा होतो. काकूंच्या आईनं मला उचललं, कानाला लावून काच वाजते का ते पाहिलं आणि घरी नेलं. पुढे ती आजारी पडली. पाच महिने हॉस्पिटलात होती. रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी आशा माझ्यात चहा भरून सायकलवर घेऊन यायची. आई दोन घोट प्यायची आणि उरलेला शेजारच्या खाटांना वाटायला लावायची. शेवटी शेवटी तिला तेही जमेना, तरी वाटायला लावायचीच. लग्न होऊन आशा इथे आली तेव्हा बॅगेत साड्यांच्या घडीत मी होतो.

हे सगळं मी तुम्हाला कोरडेपणानं सांगतोय असं वाटेल. माझी घडणच तशी आहे. आत काचेचे दोन पदर आणि त्यांच्या मधे काहीच नाही, हवासुद्धा नाही. बाहेरचं आत पोचत नाही, आतलं बाहेर येत नाही. मला त्यासाठीच बनवलंय.

पुण्यात माझी काच दोनदा फुटली होती, दोन्ही वेळा बोहरी आळीत नवी बसवून मिळाली. इथे तशी काच कुणी विकत नाही. फुटली की संपलं.

तर शनिवारी आम्ही निघालो. मागच्या सीटवर मी आणि तो काळा शेजारी शेजारी. तो बोलला नाही. नव्यांना बोलायची सवय नसते.

डंजनेसला गाडी लावली आणि चालायला सुरुवात झाली. मित्रांनो, तिथली जमीन म्हणजे नुसते गोटे. अंड्याएवढे, बटाट्याएवढे, कोट्यवधी. दोन पावलं पुढं टाकली की एक मागं येतं. प्रत्येक पावलाला चुरमुऱ्याच्या पोत्यावर चालल्यासारखा आवाज. एका बाजूला अणुवीजघर घुमत होतं, दुसऱ्या बाजूला लाकडी झोपड्या, पालथ्या घातलेल्या होड्या, आणि मधे वारा. उदयकाका दर शंभर पावलांवर थांबून देखावा बघायचे. देखावा तोच होता, दम बदलत होता.

एका झोपडीपुढे अंगणभर कला मांडली होती. समुद्रानं टाकलेल्या वस्तूंचीच. नांगराच्या साखळीचा उभा बगळा. काठ्यांवर खोवलेले हरवलेले हातमोजे, सगळे डावे. आणि मधोमध भिंत नसलेला नुसता दरवाजा, चौकटीसकट, समुद्राकडे तोंड करून. शेजारी पाटी, हात लावला तरी चालेल.

उदयकाका त्या दारातून पलीकडे गेले, वळले आणि म्हणाले, "या, आत या. बसा. चहा टाकतो."

"अहो, दार लावून घ्या, वारा येतोय," काकू म्हणाल्या.

ज्यानं हे केलं तो म्हातारा पायरीवर बसला होता. मंडईत बाई वांग्याकडे बघते तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या दाराशी तारेला एक जुनी किटली टांगली होती, बुडाला भोक पडलेली. वारा आला की त्या भोकातून आवाज यायचा. आमच्याच कुळातली. लोक थांबून तिचे फोटो काढत होते. तिच्यात चहा असताना तिचा फोटो कुणी काढला असेल असं वाटत नाही. मी याबद्दल फार विचार केला नाही.

साडेतीनच्या सुमाराला आम्ही समुद्राच्या कडेला पोचलो. आणि नागपूरच्या माणसानं समुद्र दिसल्यावर जे करायचं तेच श्रीनिवासनं केलं. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "आलोच, पाय भिजवून येतो."

"अरे, नोव्हेंबर आहे," अक्षया म्हणाली.

"समुद्रावर येऊन पाय न भिजवता जायचं का?"

आपल्याकडचा किनारा सावकाश उतरतो. घोट्याइतकं पाणी, मग पोटरीइतकं, पोरं पळतात, कणसं मिळतात. हा किनारा तसा नव्हता. कडेला गोट्यांचा उतार एकदम खाली जात होता. श्रीनिवासनं त्यावर पाय ठेवला, पायाखालचे गोटे सरकले, आणि तो नमस्कार करण्याआधीच पाण्यात बसला. वरून लाट आली. उदयकाका पोटावर आडवे झाले आणि त्याची कॉलर धरून त्याला ओढून काढलं.

तो छातीपर्यंत भिजला होता. वारा होताच. आधी तो हसला, मग त्याचे दात वाजायला लागले, मग ओठ निळे पडले आणि हसणं थांबलं. काकूंनी आपली शाल त्याच्याभोवती गुंडाळली. गाडी गोट्यांतून दीड मैल लांब.

अक्षयानं त्याच्या सॅकमधून काळा थर्मास काढला. "आधी गरम चहा पी."

त्यानं तो ओढून घेतला. "उघडू नकोस. हरेन मी."

"वेडा आहेस का तू?"

"तारे दिसेपर्यंत नाही."

"श्रीनिवास, उघड मुकाट्यानं," उदयकाका म्हणाले. त्यानं मान हलवली आणि थर्मास काखेत दाबला. मी खूप हट्टी माणसं पाहिलीत, हॉस्पिटलात तर फारच. हा वरच्या नंबरातला होता.

काकू बघत होत्या. नुसतं बघत राहिल्या असत्या तरी चाललं असतं. आणखी पाच मिनिटांत अक्षयानं तो हिसकावून उघडला असता, काकू जिंकल्या असत्या, आणि श्रीनिवास स्टेशनबाहेर ओरडत उभा राहिला असता. त्यांना ते दृश्य किती आवडलं असतं ते मला ठाऊक आहे. त्यांचा हात माझ्या बुचावर आला आणि थांबला. आईच्या खाटेशी उभं असल्यासारखा तो हात थांबला होता.

मग त्यांनी बूच काढलं.

"काकू, नको," श्रीनिवास म्हणाला. "तुमचा थर्मास..."

"गप पी."

तीन कप प्यायला तो. दुसऱ्या कपानंतर दात थांबले, तिसऱ्यानंतर ओठांना रंग आला. काकूंनी बूच परत घट्ट लावलं, सवयीनं. आता लावून उपयोग नव्हता.

गाडीत उदयकाकांची जादाची पँट होती. तिच्यात श्रीनिवास दोनदा मावला असता. कमरेला त्यांनी माझा पट्टा बांधून दिला. मी तेवढा वेळ सीटवर मोकळा पडलो होतो.

सहाच्या आधीच अंधार झाला. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, चंद्राचा पत्ता नव्हता. काकू म्हणायच्या, आपले पूर्वज हुशार, दिवाळी बरोबर तारे बघायला ठेवली. वीजघराच्या दिव्यांकडे पाठ करून चौघं गोट्यांवर उताणे झोपले. डोक्यावर एवढे तारे होते की उदयकाकांनी मोजायला घेतले आणि विसावर सोडून दिले.

"ध्रुव सापडत नाहीये," श्रीनिवास म्हणाला. तो क्षितिजाजवळ शोधत होता. "घरी गच्चीवरून तर पाण्याच्या टाकीच्या वर दिसायचा."

"वर बघ," अक्षयानं त्याची हनुवटी धरून उचलली. "अजून वर. आपण किती उत्तरेला आलोय ते विसरलास."

त्यानं बघितलं. ध्रुव तिथे होता, टाकीच्या कितीतरी वर.

अक्षयानं सॅकमधून बशी काढली. आधी काळ्यातला चहा. तो बशीत ओतावा लागला. मग माझ्यातला, उरलेला. तिनं कपाला ओठ लावले आणि पटकन मागे घेतले. तोही बशीत ओतावा लागला.

श्रीनिवास उठून बसला. "बरोबरी. पैज रद्द."

"कशी काय रद्द?" काकू झोपल्या झोपल्याच म्हणाल्या. "आधी उघडला तो हरला. नियम तुझा का माझा?"

"काकू, तुम्ही माझ्यासाठी उघडला."

"कुणासाठी ते नियमात नव्हतं."

"मग मी जिंकलोच नाही असं समजा."

"श्रीनिवास, मोदकात मिरची होती तरी तू खाल्लास की नाही? मग आता हेही खा." परतीच्या वाटेवर काकूंनी मला खाली ठेवलं नाही. डार्टफर्डचा बोगदा पार होईपर्यंत मी त्यांच्या मांडीवर होतो, दोन्ही हातांत. रेडिओ लावू का, असं काकांनी विचारलं. काकूंनी माझं बूच पुन्हा एकदा घट्ट केलं.

पुढचा शनिवार. सकाळी अकरा, इल्फर्ड स्टेशन. काकूंनी गळ्यात पुठ्ठा अडकवला होता, त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, 'मी पैज हरले. चहा फुकट.' पायाशी पिशवीत कागदी कप. लंडनमध्ये फुकट गोष्टीला माणसं घाबरतात. पहिली दहा मिनिटं सगळे काकूंना वळसा घालून गेले. एका बाईनं तर पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं.

पण काकूंना लाज नावाची गोष्ट जन्मतः मिळालेली नाही. "हरलेला चहा! हरलेल्या बाईचा चहा!" मराठीत, इंग्रजीत, मोडक्या पंजाबीत. एक बस ड्रायव्हर हसत थांबला. मग तिकिटाच्या खिडकीतला माणूस आला, मग मशिदीतून परतणारे दोन म्हातारे, मग रांगच लागली. श्रीनिवास कोपऱ्यात उभा होता, उदयकाकांच्या पँटमध्ये असल्यासारखा अवघडून. अक्षया कप धरत होती.

मी रिकामा झालो. काकूंनी मला उलटा करून शेवटचे थेंब झटकले, पट्टा सरळ केला आणि सगळ्या रांगेसमोर तो श्रीनिवासच्या गळ्यात घातला.

"काकू, तुमच्याकडेच राहू दे ना. प्लीज."

"हरलेली वस्तू मी परत घेत नाही. ऐक नीट. चहा भरण्याआधी कोमट पाण्यानं विसळायचा, एकदम उकळतं ओतलं तर काच तडकते. धुताना आत चमचा घालायचा नाही. धुतल्यावर बूच उघडं ठेवून वाळवायचा, नाहीतर वास मारतो."

"हो."

"गाडीत सीटवर मोकळा टाकायचा नाही. मांडीवर घ्यायचा."

"हो, काकू."

"आणि भरलेला घरी परत आणायचा नाही. वाटेत कुणीतरी भेटतंच."

मित्रांनो, एवढं तुम्हीही पाळा, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर. मला काय, मी या घरचा होतो, आता त्या घरचा झालो, मधे एक लाकडी कुंपण.

श्रीनिवासनं सगळ्या लोकांसमोर मान डोलावली. काकूंनी गळ्यातला पुठ्ठा काढला, काखेत मारला, आणि मोकळ्या खांद्यानं हाय रोडवरून घरी चालायला लागल्या.