सोनबाच्या नावचा ऊस

मेलबर्नला लेकीकडे तीन महिने राहायला जायचा जयवंताबाईंचा व्हिसा नाकारला गेला. नाकारणाऱ्या साहेबाने कारण लिहिलं होतं: बाई स्वतःला विधवा म्हणवतात, पण उसाचे पैसे दरसाल नवऱ्याच्या नावाने जमा होतात, तेव्हा उत्पन्न संशयास्पद.

साहेबाचं तरी काय चुकलं? सोनबा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी कारखान्याच्या दप्तरी सभासद तोच. नाव बदलून घ्या, असं निम्म्या कळंब गावाने सांगून पाहिलं. बाई पुढच्या हंगामावर ढकलायच्या. ऊसतोड आली की कारखान्याचा माणूस बांधावरून विचारायचा, "सोनबाचा ऊस ह्योच का?" आणि त्या म्हणायच्या, "व्हय, त्यांचाच." वर्षातून तेवढं एकदा कुणीतरी त्याचं नाव घ्यायचं. त्यांनी स्वतः ते उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या पिढीत तशी रीतच नव्हती.

बारामतीत व्हिसाचे कागद करणारा रविराज म्हणाला, "काकू, अपील सुप्रियाताई तिकडनं घालतील. पर मुदत सोमवारपातुर हाय. मृत्यूचा दाखला आन् वारस नोंदीच्या अर्जाची पोच आजच पायजे."

शुक्रवारचे दोन वाजले होते. कारखान्याकडे जाणाऱ्या एसटीत बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिशवीतला दाखला त्यांनी चारदा चाचपला, कंडक्टरला तीनदा वेळ विचारली. सुप्रियाला बघून सहा वर्षं झाली होती. दोन वर्षांची नात तर, आजी फोनमध्येच राहते, असं समजून चालली होती. हे हुकलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि तरीही एसटी रखडली की बाईंना जरा बरंच वाटे, याचा त्यांना स्वतःचाच राग येत होता.

कारखान्याच्या ऑफिसात वारस नोंदीच्या टेबलावर रेश्मा होती. साडेचार झाले होते.

"कुणाचं नाव कमी करायचं, मावशी?"

"दाखल्यावर हाय की."

"तोंडी सांगावं लागतं. जबाब लिवायचा हाय."

बाईंनी पदर सावरला. रांगेत मागे उभ्या असलेल्या गावातल्याच आक्काबाई म्हणाल्या, "म्या सांगू का? सोन..."

"नगं," बाई म्हणाल्या. "माजं मी सांगते."

तरी ओठ हलेनात. रेश्मा घड्याळाकडे बघत होती. शेवटी बाई खाली मान घालून म्हणाल्या, "सोनबा." आणि त्यांना रडू फुटलं. साध्या बोलण्यात नवऱ्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा घेतलं, ते खोडायला.

रेश्माने पाणी दिलं, नोंद केली, शिक्का मारून पोच पुढे सरकवली. मग दुसरा कागद ओढला.

"आता नवीन सभासदाचं पूर्ण नाव सांगा."

बाईंनी डोळे पुसले.

"जयवंता सोनबा शेंडगे," त्या म्हणाल्या. या खेपेला त्या मधे अडखळल्या नाहीत.