जेथ्रोची उभी घंटा

चर्चच्या मनोऱ्यातला गुरुवारचा घंटांचा सराव संपला तेव्हा जेथ्रोने थोरली घंटा रिवाजाप्रमाणे तोंड वर करून उभी ठेवली, घरी आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याची बायको विनिफ्रेड हट्टाला पेटली. मनोऱ्याला कुलूप घालून तिने किल्ली गळ्यात अडकवली. घंटा तोंड खाली करून उतरवली की जेथ्रोच्या हातचं काहीच उरणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मुळातच हेकट बाई, त्यात हे दुःख. तिला कोण समजावणार?

दफनाच्या सकाळी घंटावाल्यांचा म्होरक्या अँब्रोज दारात येऊन उभा राहिला.

"विनी, किल्ली दे. लोलकाला चामडं बांधायचंय, टोला दबका यायला. त्याआधी घंटा उतरवायला हवी, उभ्या घंटेखाली माणूस घातला तर चिरडेल तो."

"बाकीच्या पाच वाजवा की."

"निरोप जेथ्रोला आणि त्याचीच घंटा मुकी? शोभतं का गं?"

ती पुटपुटत निघाली. कुलूप तिनेच काढलं. आत पाऊल टाकलं आणि दोघंही थिजली.

थोरल्या घंटेच्या दोरावरची, हाताने धरायची लोकरी मूठ छातीशी लोंबत असायला हवी होती. ती पार छताजवळ गेली होती. म्हणजे कुणीतरी दोर ओढून घंटेला पुरता फेरा दिला होता आणि दुसऱ्या अंगाला उभी केली होती.

"पहाटे एक टोला ऐकला मी," अँब्रोज म्हणाला. "स्वप्न समजून कूस बदलली. तू आली होतीस?"

"नाही रे. ऐकला मीही. किल्ली गळ्यातच होती."

"टोले जोडीने असतात. जाण्याचा टोला झाला, परतीचा राहिला." अँब्रोज वर मुठीकडे बघत म्हणाला. "जेथ्रो असं अर्ध्यावर कधी सोडायचा नाही."

"सोडलंय. माझ्यासाठी."

भीतीने तिचे हात गार पडले होते, तरी तिने दोराचं टोक धरलं. ही घंटा तिला जन्मात झेपली नव्हती. तिने ओढलं. वर टोला घुमला, मूठ सरसरत खाली आली, तिने ती पकडली. अंगावर यायला हवा होता तो भार आलाच नाही. कुणीतरी तिच्याबरोबर दोर धरला होता. घंटा अलगद उभी राहिली, आणि मग तिच्या हातांवरची ऊब निघून गेली.

विनिफ्रेड हमसून हमसून रडली. मग तिने दोर अँब्रोजच्या हातात दिला.

"उतरव आता," ती म्हणाली. "गेला तो."