अज्ञात इसम

बदलापूर गावातलं जुनं चर्च इंग्रजांच्या काळापासून उभं होतं, पण पुढाऱ्यांना ते दिसलं निवडणूक तोंडावर आल्यावर. बेचाळीस साली भूमिगत कार्यकर्ते इथं जमत, त्यातले एक पुढं दिल्लीत मंत्री झाले, एवढं कळताच सगळ्याच पक्षांना चर्चचा उमाळा आला. जन्मात ज्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं, ते फादरच्या गळ्यात हात टाकून फोटो काढू लागले. मग कोनशिला बसवायचं ठरलं.

चर्चचं आवार गोजरबाई झाडायची, तिच्याआधी तिची सासू ठकूबाई. पोलीस येताना बघून अवेळी चर्चच्या घंटेचे तीन टोले दिले आणि कार्यकर्त्यांना नदीकडे पळवलं, ते या ठकूबाईनंच. पोलिसांनी तिचा उजवा हात मोडला, तो मरेपर्यंत सरळ झाला नाही. सासूचं नाव दगडावर यावं, एवढंच गोजरबाईला हवं होतं. नगरसेवक दौलतरावांनी तसा शब्दही दिला होता.

समारंभाच्या सकाळी फादरनी तिला दगड वाचून दाखवला. वर मानाप्रमाणे अकरा नावं, मग मंडपवाल्याचे आभार, आणि तळाशी बारीक अक्षरात, ‘एका अज्ञात इसमाने घंटा वाजवून इशारा दिला.’

“मंग माजे सासूचा नाव कुठं हाय?” तिनं दौलतरावांना गाठलं.

“आजी, प्रोटोकॉल असतो. वरून नावं वाढली, जागाच नाही उरली. नेक्स्ट टाइम नक्की.”

सासू पुढच्या वेळी पुन्हा हात मोडून घेणार होती बहुतेक!

भाषणं सुरू झाली. “त्या अनाम वीरापुढं मी नतमस्तक आहे,” म्हणत दौलतरावांनी कोरडे डोळे पुसले. गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खराटा भिंतीला टेकवून ती घंटेच्या मनोऱ्यात शिरली आणि तिनं तीन टोले दिले.

सगळे दचकले. निवेदिका मीनल मात्र तयारीची होती. “आणि हा ऐतिहासिक घंटानाद! सौजन्य, माननीय दौलतरावजी!”

टाळ्या पडल्या. दौलतरावांनी हात जोडून त्या स्वीकारल्यासुद्धा.

गोजरबाईनं दोर मनगटाला गुंडाळला आणि ती ओढतच राहिली. भाषण बुडालं, माईक बुडाला. कुणीतरी फादरना खुणावलं, घंटा थांबवा. फादर उठले, त्यांनी मनोऱ्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून पायरीवर बसले.

“कोण वाजवतंय आत?” दौलतराव धावत येऊन ओरडले.

“अज्ञात इसम,” फादर म्हणाले.