रेंजच्या वळणावरची पाणगाडी

मित्रांनो, मी एक जुनी पाणगाडी आहे. जुनी म्हणजे वयानं नव्हे हो! शेळ्यांच्या गोठ्यात ढकललेल्या यंत्राला वर्षभरातच म्हातारपण येतं. कोंबड्या माझ्या पाठीवर बसतात. बसू देत बापड्या.

जव्हारला शिकणाऱ्या योगितानं आणि तिच्या वर्गातल्या रोहिदासनं मला घडवलं. मी रोबोट आहे, चार चाकांची, पाठीवर दोन हंडे नेणारी. योगिताचं घर पोशेऱ्याच्या पाड्यावर. आईबाप भिवंडीला मजुरीला, घरी एकटी आजी, गौराबाई. योगिताला पुढं नाशिकला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पण विहिरीचं पाणी चढावरनं आणणार कोण? म्हणून मी.

माझ्या डोक्यात निर्णयांचं एक झाड आहे. वाटेत दगड आहे? थांब. वाट मोकळी आहे? चढ. घर आलं? मोटार बंद कर, अंगण सपाट आहे, ब्रेक नको. बुंध्यापासून पानापर्यंत अशी एक फेरी, की लगेच दुसरी. दर फेरीला किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्यावरून किती वाट सरली ते ठरवायचं. हा वेळ योगितानं माझ्यातल्या तारीख-वेळ दाखवणाऱ्या घड्याळावरून घेतला.

सुरुवातीला मी अगदी शहाण्यासारखी पाणी आणत होते. "चाल गं बाय माझी," म्हणत गौराबाई काठी टेकत मागून यायची. शेजारची सुकरी थट्टा करायची, "आजीला चाकांची नात मिळाली!" काय सांगू, किती बरं वाटायचं मला!

योगिताची जायची वेळ आली, तेव्हा रोहिदासनं माझ्यात सिमकार्ड घातलं. गाडी घरी पोचली की तिला मेसेज जावा, जिवाला घोर नको. भलेपणानंच केलं बिचाऱ्यानं. पण आमच्या पाड्याला रेंज येते ती फक्त वळणावर, मोहाच्या झाडाखाली. माणसं तिथं मोबाईल उंच धरून उभी असतात. आणि मला बंद केलं की माझं घड्याळही थांबतं. सिम घातल्यावर पहिल्याच दिवशी विहिरीवर मला सुरू केलं, तेव्हा ते आदल्या दिवशीचीच वेळ धरून बसलं होतं. वळणावर रेंज आली, घड्याळानं आपली वेळ बरोबर करून घेतली आणि एका फेरीत अख्खा दिवस उलटला! एवढ्या वेळात घर कधीच आलं असणार, असा माझा हिशेब झाला. मी मोटार बंद केली, मेसेज धाडला आणि भर चढावरून मागं घरंगळले. मागं गौराबाई होती.

योगिता तेव्हा दाखला आणायला जव्हारला गेली होती. 'घरी पोचले' हा मेसेज तिनं हसत हसत रोहिदासला दाखवला. इकडं कंबर मोडलेली आजी उन्हात कण्हत होती. सुकरी पाण्याला आली, तेव्हा कुठं कळलं.

"ब्रेकच भिकार हाय," सगळे म्हणाले. योगितानं ब्रेक खोलला, तो ठणठणीत. मग तिनं मला रिकामी त्याच वाटेनं नेलं आणि लॅपटॉपवर फेरीफेरीचा वेळ बघत राहिली. वळण आलं आणि एका फेरीपुढं कित्येक दिवस सरलेले दिसले.

आता तिनं मला दुसरं घड्याळ दिलंय. सुरू झाल्यापासून ते नुसतं पुढं मोजत जातं, रेंज येवो की न येवो. पुन्हा त्याच वाटेनं नेलं, तर माझी एकही फेरी चुकली नाही.

"गाडी बरी झाली ना? मग जा तू नाशिकला," गौराबाई अंथरुणातून म्हणाली.

"आणि तुला उठवील कोण, आजी?"

आजीनं तोंड भिंतीकडं वळवलं. पाणी मी आणीन हो! पण आजीला कुशीवर वळवायचं, न्हाऊ घालायचं, हे माझ्या झाडाच्या कुठल्याच फांदीवर नाही. प्रवेशाची मुदत निघून गेली. योगितानं मला गोठ्यात ढकललं.

मित्रांनो, यंत्र कराल तेव्हा एवढं करा. ज्या वाटेवर ते चालणार, त्या वाटेवर नेऊन त्याचा वेळ मोजा. नवं काही जोडलंत, की पुन्हा मोजा. टेबलावर मोजलेलं चढावर पुरत नाही, बाळांनो.

योगिता रोज डोक्यावर हंडे घेऊन गोठ्यावरनं जाते. माझ्याकडं बघतसुद्धा नाही. रागानं एक लाथ घातली असती, तरी चाललं असतं मला.