रणधीर मरायलाच हवा

माझ्या गोष्टीतला सुभेदार रणधीर शेवटच्या पानावर मरतो. मरायलाच हवा. मी बीबी गावात कापड विकतो, लढाई कधी पाहिली नाही हे खरं. पण वीर कसा मरतो ते मला पक्कं ठाऊक आहे. छातीवर गोळी, ओठांवर हसू. पासष्टच्या दिवाळी अंकात गोष्ट छापून आली तेव्हा मी असा काही फुशारलो, की गल्लीतली बायामाणसं ओट्यावर जमवून सगळी वाचून दाखवली.

शेजारच्या मनकर्णाबाई अगदी पुढ्यात बसल्या होत्या. त्यांचा लेक निवृत्ती फौजेत. लढाई थांबली तरी त्याची खुशाली आली नव्हती. रणधीर पडला, मी अंक मिटला आणि आता डोळ्यांना पदर लागतील म्हणून वाट पाहत राहिलो.

बाई म्हणाल्या, "मरणावर पोथी बंद नसते करत, भाऊ. पुढं वाचा."

ही पोथी नाही, गोष्ट आहे, पुढं काही छापलेलंच नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. पण पोथीत कुणी पडला, की काही शुभ येईपर्यंत त्या दिवशी वाचत राहायचं, ही आमच्याकडची रीत. बाई जागच्या हलेनात. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं, की ही बाई रणधीरसाठी बसलेलीच नाही. मी अंक पुन्हा उघडला आणि त्यात नसलेलं वाचू लागलो. गोळी चाटून गेली. दोघांनी त्याला उचललं. मग दवाखाना, जालन्यापर्यंत रेल्वे, तिथून यष्टी. माझ्या वीराची मी पार माती केली. पण रणधीर आईच्या दारात पोचला, तेव्हा कुठे बाई उठल्या आणि सगळ्यांच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवून घरी गेल्या.

संक्रांतीला निवृत्ती खरंच आला, चांगला अंगानं भरलेला. फौजेत तो स्वैपाकी होता. लढाईभर त्यानं डाळ शिजवली होती. तो जेवायला बसल्यावर बाईंनी मला गोष्ट घेऊन बोलावलं. मी मुकाट्यानं जिवंत रणधीर वाचला. निवृत्तीनं तोंड वाकडं केलं.

"घरी येते तो कायचा शूर, भाऊ? छापलेला शेवट वाचा नं."

माझा जीव सुखावला, पण वाचायचं धाडस होईना. मी चुलीकडे पाहिलं. बाईंनी तव्यावरची भाकर लेकाच्या ताटात टाकली आणि हसल्या.

"मरू द्या त्याले, भाऊ. माहा तं जेवून राह्यला."