ढोल सरळ गेला

ढोलकाकांनी पट्टा गळ्यात अडकवला, ढोल पोटावर बसवला आणि चुलीपासून दारापर्यंतच्या सात पावलांत सरळ चालण्याचा सराव केला. दाराजवळ उजवा हात आपसूक ढोलाच्या लाकडी कडेकडे वळला. त्यांनी तो हवेतच आवरला.

"बाबा, दार फोडून पलीकडे जायचंय का?" आरशासमोर वेणी घालत लेकीने विचारलं.

"वेळ आली तर तेही करू."

ती हसली. काकांना काही हसू आलं नाही.

गिरणीच्या बँडमध्ये बारा जण. कुणी सूत कातणारा, कुणी गठ्ठे बांधणारा, काका रंगखात्यातले. वाजवताना बाकीच्यांची नजर सुरांच्या कागदावर, त्यामुळे वळायचं कुठे ते ढोल सांगे. काकांनी कडेवर दोन कोरडे टोले दिले की पुढच्या पावलाला बँड डावीकडे. गेली अकरा वर्षं एक मे रोजी हे टोले एकाच कोपऱ्यावर पडत. तिथून रंगखात्यामागची भिंत शंभर पावलांवर. बॉयलर फुटला तेव्हा गेलेल्या नऊ जणांची नावं तिच्यावर रंगवलेली होती. तिथे बँड थांबे आणि ज्याच्या त्याच्या घरचं माणूस आपापलं नाव मोठ्याने उच्चारी. नववं नाव काकांच्या बायकोचं.

यंदा फाटकावर नोटीस लागली. एक मे हा आता राष्ट्राभिमान दिन. गणवेश तोच, बँड तोच, गाणी नवी आणि कोपऱ्यावरून सरळ मैदानात. भिंतीकडे जायला बंदी असल्याचं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त नेमकी त्याच वेळेला मैदानात हजेरी होती.

"मांजराचं नाव बदललं म्हणून ते दूध प्यायला शेजारी जातं होय?" क्लॅरिनेटवाला तालमीत म्हणाला होता. सगळे खो खो हसले. काका ढोलाची दोरी ओढत राहिले.

कारण त्याआधीच साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. कामगार कल्याणाचे हे साहेब तसे वाईट नव्हते. बॉयलरच्या वेळी पोरगी दहा वर्षांची होती, तेव्हा यांनीच तिच्या वह्या-पुस्तकांचं बघितलं होतं.

"काका, ढोल जिकडे तिकडे माणसं. तुम्ही सरळ आणा," साहेब म्हणाले होते. "मुलीला कायम केल्याचं पत्र तयार आहे. मैदानातच हातात देतो." मग टेबलाकडे बघत पुटपुटले, "मलाही वर तोंड दाखवायचं असतं हो."

लेक दोन वर्षं बदलीवर होती. रोज पहाटे फाटकाशी उभं राहायचं, कुणी आजारी पडलं तर आत, नाहीतर आल्या पावली परत. दुसऱ्याच्या दुखण्याची वाट बघत जगायचं, हे आईवेगळ्या पोरीच्या नशिबी यावं याचं काकांना फार वाईट वाटे. गेलेली बायको काही परत येणार नव्हती. जिवंत आहे तिचं बघायला नको का? त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि लेकीला चकार शब्द सांगितला नाही.

नऊला फाटक उघडलं. पुढे काका, मागे बँड, त्यामागे खात्याखात्याने सातशे-आठशे माणसं, हातात कागदी झेंडे. कोपरा आला. काकांचा हात कडेवर पडला नाही. बँड सरळ गेला. ढोल बांधलेल्या माणसाला मागे वळून बघता येत नाही, याचं त्यांना त्या दिवशी बरंच वाटलं.

मैदानात मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या. बँडने शेवटचं गाणं संपवलं आणि एकाएकी फारच शांत झालं. साहेब पायऱ्या उतरून पुढे आले. त्यांच्या हातात पाकीट होतं, पण नजर काकांच्या डोक्यावरून लांब गेली होती.

"बाकीचे कुठे आहेत?"

काका ढोलासकट वळले. अकरा बँडवाले होते. त्यांच्या मागे मोकळा रस्ता, आणि रस्त्यावर कागदी झेंडा घेतलेली एकटी लेक.

"वळले," ती जवळ येऊन म्हणाली. "कोपऱ्यावरच. सगळे."

"ठरलं होतं?"

"ठरवायचं काय त्यात? तुम्ही वळणारच, असं धरून चालले होते सगळे."

"मग तू का नाही गेलीस?"

लेकीने झेंड्याची काडी बोटांत फिरवली. "तुम्ही टोले दिले नाहीत. मला वाटलं, आता तुम्हाला ती भिंत सोसवत नसेल. तुम्हाला एकटं कसं सोडायचं?"

काकांनी साहेबांच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. लेकीनेही पाहिलं. वरचं स्वतःचं नाव तिने वाचलं आणि तिला सगळं कळलं.

"बाबा, मला विचारायचं तरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच काकांना जास्त लागलं.

"पोरी, तुझं सगळं आयुष्य..."

"माझंच ना?"

पाकीट कुठे ठेवावं ते न समजल्यासारखे साहेब ते दोन्ही हातांत धरून उभे होते. लेकीने कागदी झेंडा नीट गुंडाळून पिशवीत ठेवला आणि बापाच्या गळ्यातला पट्टा सोडवला. ढोल तिथेच गवतावर राहिला. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाद्यं काखेत मारली.

ते भिंतीपाशी पोहोचले तेव्हा उन्हं चढली होती. इतक्या वेळात सगळं आटोपून माणसं पांगली असतील, अशीच काकांची समजूत होती. पण गल्ली गच्च भरलेली होती. कुणी बसलं होतं, कुणी पोराला कडेवर घेऊन उभं होतं. काकांना बघून लोकांनी वाट करून दिली. त्यांनी मान खाली घातली. आता कुणी काय बोलेल त्याला ते तयार होते.

भिंतीजवळ बसलेली सूतखात्यातली म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली.

"या," ती म्हणाली. "आठ नावं झाली. तुमच्या घरचंच राहिलंय."